काम्य खेळ, नित्य खेळ : गिअरच्या गणितामागचा साध्याचा प्रश्न

दोन वस्तूंपैकी अधिक चांगली कोणती, हा प्रश्न यंत्राला विचारून त्याचे उत्तर आकड्यात मिळवण्याची प्रथा ज्या थोड्या क्षेत्रांत जवळजवळ पूर्णत्वाला गेली आहे, त्यांत ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांची गणना करावी लागते. या खेळांत खेळाडू एक पात्र धारण करतो, ते पात्र इतरांच्या साथीने बलाढ्य शत्रूंशी, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतल्या ‘बॉस’शी, लढते, आणि विजयानंतर हाती येणाऱ्या शिरस्त्राण, चिलखत, अंगठ्या, शस्त्रे अशा साजामुळे, ज्याला सर्वत्र ‘गिअर’ म्हटले जाते, त्याचे बळ वाढते. ब्लिझार्ड एन्टरटेनमेंट या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या प्रकारातला सर्वांत अभ्यासला गेलेला खेळ असून, त्यातल्या पात्राच्या अंगावर गिअर चढवण्याच्या सोळा जागा असतात. या सोळा जागी काय असावे हे ठरवणारी गणनसाधने गेल्या दोन दशकांत इतकी सूक्ष्म झाली आहेत, की नवी वस्तू मिळाल्यावर ती घालावी की नाही हा निर्णय खेळाडू सहसा स्वतः घेत नाही. तो पात्राची माहिती साधनाला देतो आणि उत्तराची वाट पाहतो. ही साधने खरोखर काय निवडतात आणि काय निवडूच शकत नाहीत, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी साधन आणि साध्य यांच्या संबंधाविषयीचा आहे, आणि त्या संबंधाचा विचार भारतीय परंपरेत जितक्या काटेकोरपणे पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदातील विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, केला तितका क्वचितच कोणी केला असेल.

प्रथम गणिताची रीत पाहणे आवश्यक आहे, कारण तत्त्वाचा प्रश्न तिच्याच पोटात दडलेला आहे. पात्राच्या वर्गानुसार बल, चापल्य किंवा बुद्धी यांपैकी एक त्याचा प्रधान गुण असतो, आणि त्याच्या जोडीला चार गौण गुण असतात : क्रिट, म्हणजे एखादा प्रहार नेहमीपेक्षा जबर बसण्याची शक्यता, हेस्ट, म्हणजे कृतींचा वेग, मास्टरी, म्हणजे त्या वर्गाच्या खास कौशल्याची तीव्रता, आणि २०१४ मध्ये आलेली व्हर्सॅटिलिटी, म्हणजे एकंदर प्रभावात होणारी सरसकट वाढ. एका अंगठीवर हेस्ट अधिक आणि दुसरीवर क्रिट अधिक असेल, तर या दोन भिन्न जातींच्या गुणांची तुलना करण्यासाठी त्यांना एकाच मापात आणावे लागते. यासाठी रूढ झालेली पहिली पद्धत गुणभारांची होय. एखादा गुण किंचित वाढवला असता पात्राकडून दर सेकंदाला होणारी हानी, म्हणजे खेळाडूंचा ‘डीपीएस’, किती वाढते हे मोजायचे, प्रत्येक गुणाला त्या वाढीच्या प्रमाणात एक भार द्यायचा, आणि वस्तूवरील प्रत्येक गुणाचा आकडा त्याच्या भाराने गुणून बेरीज करायची. ‘पॉन’ हे खेळाला जोडता येणारे पूरक याच रीतीने वस्तूंची तुलना करते आणि नवी वस्तू सरस असेल तर तिच्यापुढे तशी खूण दाखवते.

या पद्धतीचे वैगुण्य एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. हेस्टचा भार ०.६ आणि क्रिटचा ०.५ आहे असे मानू. पहिल्या अंगठीवर हेस्ट १०० आणि क्रिट ४० असेल तर तिचे मूल्य ८० भरते. दुसरीवर हेस्ट ६० आणि क्रिट ९० असेल तर तिचे मूल्य ८१ भरते, म्हणून दुसरी सरस ठरते. परंतु दुसरी अंगठी बोटात घालताच पात्राचा हेस्ट कमी होतो, त्यामुळे त्याची गरज आणि तिच्याबरोबर त्याचा भारही वाढून समजा ०.६५ होतो, आणि मग तीच बेरीज पुन्हा केली असता पहिलीचे मूल्य ८५ व दुसरीचे ८४ येते. साधन आता पहिली अंगठी पुन्हा घालण्याचा सल्ला देईल आणि ती घातल्यावर कदाचित पुन्हा दुसरीचा. हा दोष बेरजेतला नाही. गुणभार हे पात्राच्या एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन असते आणि ती अवस्था बदलताच ते वर्णन शिळे होते, हे विसरल्यामुळे तो उद्भवतो.

याच्याही पुढची अडचण अशी, की काही वस्तूंचे मूल्य त्यांच्या स्वतःच्या ठिकाणी नसतेच. एकाच संचातील दोन किंवा चार वस्तू एकत्र घातल्या असता मिळणारा विशेष लाभ, म्हणजे ‘सेट बोनस’, त्यातल्या कोणत्याही एका वस्तूवर लिहिलेला गुण नसतो. संचातल्या तीन वस्तू अंगावर असलेल्याला चौथी अमूल्य असते आणि एकही नसलेल्याला तीच वस्तू साधारण असते. जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९०३ मधील ‘प्रिन्सिपिया एथिका’ या ग्रंथात सेंद्रिय एकत्वाचा सिद्धान्त मांडला होता. समग्राचे मूल्य त्याच्या अवयवांच्या मूल्यांच्या बेरजेइतकेच असते असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा आशय. नीतिशास्त्रात पुष्कळांना गूढ वाटलेला हा सिद्धान्त गिअरच्या गणितात अगदी व्यावहारिक रूपाने भेटतो, आणि म्हणूनच पुढची साधने सुट्या वस्तूंची किंमत करणे सोडून संपूर्ण साजाची तुलना करू लागली. ‘रेडबॉट्स’ या सेवेतील ‘टॉप गिअर’ हे साधन खेळाडूजवळच्या वस्तूंचे शक्य ते सर्व मेळ तपासते. सोळा जागांपैकी प्रत्येक जागेसाठी केवळ तीन पर्याय असले आणि अंगठ्यांच्या अदलाबदलीसारख्या बारकाव्यांकडे दुर्लक्ष केले, तरी मेळांची संख्या ४ कोटी ३० लाख ४६ हजार ७२१ होते. त्यामुळे पर्याय आधीच छाटावे लागतात, आणि छाटणी करणारा हात बहुधा माणसाचाच असतो.

प्रत्येक मेळाची परीक्षा ज्या यंत्राने होते त्याचे नाव ‘सिम्युलेशनक्राफ्ट’. हा मुक्त स्रोताचा कार्यक्रम असून, त्यातले नियम खेळाडूंनीच, खेळ खेळून आणि त्याच्या नोंदी तपासून, वर्षानुवर्षे घडवले आहेत. तो प्रत्यक्ष लढाईची प्रतिकृती चालवतो : पात्राने कोणत्या क्षणी कोणती कृती करावी याची प्राधान्ययादी त्याला दिलेली असते, प्रत्येक प्रहाराचे यशापयश यदृच्छेने, म्हणजे यादृच्छिक अंकांनी, ठरते, आणि ही लढाई हजारो वेळा खेळून तो सरासरी काढतो. यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने उत्तराजवळ पोचण्याच्या या रीतीला मॉन्टे कार्लो पद्धती म्हणतात; दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती विकसित केली आणि १९४९ मध्ये निकोलस मेट्रोपोलिस व उलाम यांचा निबंध याच नावाने प्रसिद्ध झाला. या पद्धतीत त्रुटी निम्मी करायची तर आवर्तने चौपट करावी लागतात, म्हणून त्रुटी कितीही लहान करता आली तरी ती शून्य होत नाही. ‘टॉप गिअर’च्या शेजारी असलेले ‘ड्रॉप्टिमायझर’ हे साधन याच यंत्राच्या आधारे, अद्याप न मिळालेली कोणती वस्तू मिळाल्यास किती वाढ होईल हे सांगते, आणि त्यावरून खेळाडू या आठवड्यात कोणत्या बॉसकडे जायचे ते ठरवतात.

येथवर सर्व काही निर्दोष दिसते, आणि बऱ्याच अंशी ते तसे आहेही. पण ही लढाई कोणाशी, हे विचारताच चित्र बदलते. सिम्युलेशनक्राफ्टमध्ये वेगळी आज्ञा दिली नाही तर जी लढाई चालते तिचे नाव ‘पॅचवर्क’ आहे. हे नाव २००६ मध्ये खेळात आलेल्या नॅक्सरामस या दुर्गातील एका बॉसचे असून, तो एका जागी उभा राहतो, पळत नाही, कोणाला मदतीला बोलावत नाही आणि केवळ मार देतो व मार खातो. ही आदर्श लढाई सुमारे ३०० सेकंदांची असते आणि तिची लांबी वीस टक्क्यांपर्यंत मागेपुढे होते. शत्रू एक, तो स्थिर, आणि खेळाडू असा की ज्याचा हात प्राधान्ययादीवरून कधीच ढळत नाही. प्रत्यक्ष खेळात बॉस धावतो, पायाखाली आग पेटते, साथी कोसळतात, बोट चुकीच्या कळीवर पडते. या कार्यक्रमाचे कर्ते हे सर्व जाणतात. धावपळीच्या, अनेक शत्रूंच्या, दुर्गातल्या टप्प्याटप्प्यांच्या लढायांचे वेगळे प्रकार त्यांनी त्यात ठेवलेले आहेत. तरीही जो खेळाडू काहीही न बदलता कळ दाबतो, त्याच्या वतीने एक उत्तर आधीच दिले गेलेले असते, आणि ते ज्या प्रश्नाचे उत्तर असते तो प्रश्न त्याने कधी विचारलेलाच नसतो.

मीमांसकांची परिभाषा येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येक क्रियापदाच्या पोटात ‘भावना’ असते. भावना म्हणजे फल उत्पन्न करण्याकडे असलेला कर्त्याचा व्यापार. या व्यापाराला तीन आकांक्षा असतात : काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे. त्यांची उत्तरे म्हणजे अनुक्रमे साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. स्वर्ग हे साध्य, याग हे साधन आणि प्रयाजादी अंगकर्मे ही इतिकर्तव्यता, असे याचे शास्त्रीय उदाहरण सतराव्या शतकातील आपदेवांच्या ‘मीमांसान्यायप्रकाश’सारख्या ग्रंथांतून विद्यार्थ्यांना शिकवले जाते. गिअरची साधने या तीनपैकी दुसऱ्या आकांक्षेचे उत्तर शोधतात. तिसरीचे उत्तर, म्हणजे कृतींची प्राधान्ययादी, त्यांना बाहेरून दिलेले असते. आणि पहिलीचे उत्तर, म्हणजे स्थिर शत्रूवरील हानीची सरासरी, त्यांच्यात गृहीत धरलेले असते. निवड हा शब्द कठोरपणे वापरायचा झाला तर यंत्र काहीच निवडत नाही. साध्य ठरल्यावर कोणते साधन त्याच्या सर्वांत जवळ जाते एवढेच ते मोजते.

हीच मर्यादा मीमांसकांनी वेदाच्या बाबतीतही ओळखली होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शत्रूचा नाश इच्छिणाऱ्यासाठी श्येनयाग नावाचे कर्म सांगितलेले आहे. मग वेद हिंसेची आज्ञा देतो काय, असा आक्षेप उपस्थित झाला. मीमांसेचा मूलग्रंथ असलेल्या जैमिनीय सूत्रांवरील शबराच्या भाष्यात त्याचे उत्तर असे दिले आहे, की श्येन करावा असे शास्त्र सांगत नाही. जो हिंसा करू इच्छितो त्याला हा उपाय आहे एवढेच ते सांगते. इच्छा त्या माणसाची, उपाय शास्त्राचा, आणि उपायाच्या अचूकतेवरून इच्छेला मान्यता मिळत नाही. ॲरिस्टॉटलनेही ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या तिसऱ्या पुस्तकात विचारविनिमय साध्यांविषयी नसून साधनांविषयी असतो असे म्हटले आहे, पण शबराच्या उत्तरात एक अधिक धार आहे : साधनाची शिफारस ही साध्याची शिफारस समजण्याची चूक माणूस सहज करतो, हे त्याने हेरले होते. वाढीचा टक्का पाहून अंगठी बदलणारा खेळाडू ही चूक रोज करत असतो, कारण त्या आकड्याच्या रूपाने त्याला एक साध्यही नकळत हाती दिले जाते.

दोन वस्तूंतला फरक त्रुटीच्या मर्यादेहून लहान असतो तेव्हा काय करावे, याचाही विचार मीमांसेत सापडतो. एकाच प्रयोजनासाठी तांदूळ किंवा जव अशी दोन समबल विधाने आढळली तर तेथे विकल्प मानावा लागतो. विकल्पाला आठ दोष चिकटतात म्हणून मीमांसक तो शक्यतो टाळतात, पण दोन्ही विधानांचे बळ खरोखर सारखे असेल तर खोटा क्रम लावण्यापेक्षा तो पत्करतात. गणनसाधन मात्र उतरत्या क्रमाची यादीच दाखवते. पहिली आणि दुसरी ओळ यांत अर्थपूर्ण अंतर नसले तरी पहिली ओळ पहिलीच असते. त्रुटीचा आकडा तेथेच छापलेला असतो. तो वाचून, येथे विकल्प आहे आणि म्हणून खेळाडूने आवडीची तलवार निःशंकपणे धरावी, असे म्हणण्याचे धैर्य मात्र फार थोड्यांना होते.

परंतु या विषयाच्या गाभ्याशी नेणारा भेद याहून वेगळा आहे. जैमिनीय सूत्रांच्या सहाव्या अध्यायात नित्य आणि काम्य कर्मांविषयी एक निर्णय आहे. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फलाच्या इच्छेने करायचे कर्म, सर्व अंगांसह यथासांग व्हावे लागते. एखादे अंग राहिले तर फल मिळत नाही. नित्य कर्म, म्हणजे अग्निहोत्रासारखे आयुष्यभर करत राहायचे कर्म, यथाशक्ती करायचे असते. जेवढी अंगे जुळतील तेवढ्यांनी ते पार पाडले तरी चालते, कारण तेथे न करणे हाच खरा दोष असतो. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याचा प्रतिनिधी, उदाहरणार्थ सोमाच्या जागी पूतिका, घेण्याची मुभाही कर्म बंद पडू नये म्हणूनच दिलेली आहे.

हा भेद खेळाला लावून पाहिला की गिअरविषयीच्या अनेक वादांची गाठ सुटते. नवा दुर्ग खुला झाल्यावर त्यातला शेवटचा बॉस जगात सर्वप्रथम पाडण्याची जी शर्यत लागते, आणि जिच्यात इको किंवा लिक्विड यांसारखे संघ रोज बारा-बारा तासांहून अधिक खेळतात, ते काम्य कर्म होय. तेथे फल एकच आहे, ते एकालाच मिळणार आहे, आणि साजातले अर्ध्या टक्क्याचे न्यूनही बॉसच्या अंगात प्राण शिल्लक ठेवू शकते. अशा ठिकाणी प्रत्येक जागेची छाननी करणे हा अतिरेक ठरत नाही, ती सर्वांगांची पूर्तता ठरते. याउलट दर आठवड्याला ठरावीक संध्याकाळी जमणारा वीस-पंचवीस जणांचा मित्रसंघ, ज्यात कोणी नोकरीवरून येतो, कोणी मूल झोपवून येतो आणि बॉस या आठवड्यात पडला नाही तर पुढच्या आठवड्यात पडेल हे सर्वांना ठाऊक असते, तो नित्य कर्म करत असतो. त्याच्यासाठी जमणे हेच प्रधान आहे आणि गिअर यथाशक्ती असले तरी कर्म सिद्ध होते. वाद होतो तो काम्याची शिस्त नित्यावर लादली जाते तेव्हा, आणि गणनसाधने ही लादणूक सोपी करतात, कारण ती दोघांनाही एकच आकडा, एकाच भाषेत, तितक्याच निःसंदिग्धपणे दाखवतात.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल : खेळ जिंकण्यासाठीच असतो, तेव्हा जिंकण्याची शक्यता वाढवणारी प्रत्येक गोष्ट खेळाच्या हेतूशी सुसंगतच आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात या आक्षेपाचा पाया तपासला आहे. खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न, अशी त्याची व्याख्या आहे. चेंडू खळग्यात टाकणे एवढेच हवे असते तर तो हाताने टाकता आला असता. काठीने टाकण्याचे बंधन माणूस स्वीकारतो ते त्या कृतीच्या गोडीसाठी. याचा अर्थ खेळातले साध्य हे उसने घेतलेले साध्य असते. खेळ चालू असेपर्यंत खेळाडू ते मनापासून आपले मानतो आणि खेळ संपताच ठेवून देतो. सी. थी न्युयेन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेम्स : एजन्सी ॲज आर्ट’ या पुस्तकात हाच विचार पुढे नेऊन दाखवले आहे, की खेळाचे सुबक आणि मोजता येणारे गुणांक माणसाच्या संदिग्ध पण समृद्ध मूल्यांची जागा बळकावू शकतात. मात्र या विचारावरून गणनसाधने खेळाचा आनंद हिरावतात असा जो सरसकट निष्कर्ष काढला जातो, तो स्वीकारण्यासारखा नाही. खेळाच्या अंतर्गत नियमांचा उलगडा करणे ही स्वतःच ज्ञानाची साधना आहे. सिम्युलेशनक्राफ्टचे नियम विनामोबदला लिहिणाऱ्यांचा आनंद बॉस पाडणाऱ्यांच्या आनंदाहून कमी दर्जाचा नाही. ज्याने तो उलगडा केलेला नसतो आणि त्यातून आलेला आकडाच तेवढा घेतलेला असतो, त्याच्या बाबतीत मात्र काहीतरी हरवते, कारण त्याने अडथळाही सोडून दिलेला असतो आणि समजही मिळवलेली नसते.

हा प्रश्न एकट्या खेळाडूपुरता असतो तोवर त्याचे परिणाम त्याच्यावरच होतात. पण बॉस पडतो, एकच तलवार मिळते आणि तिच्यावर तिघांचा डोळा असतो, तेव्हा साधनाचे गणित न्यायाच्या प्रांतात शिरते. मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील संघांनी यासाठी ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ नावाची पद्धत रूढ केली : जो हजर राहील त्याला गुण मिळतील आणि ते गुण खर्च करून तो वस्तू घेईल. हा श्रमावर आधारलेला न्याय होय. पुढे अनेक संघांनी वाटप एका छोट्या समितीकडे सोपवले, आणि अलीकडे ही समिती प्रत्येकाचा ड्रॉप्टिमायझरचा अहवाल मागवून ज्याची वाढ सर्वाधिक त्याला वस्तू देते. हा संघाच्या एकूण हानीची बेरीज वाढवणारा न्याय, म्हणजे बेंथमच्या उपयुक्ततावादाचे छोटे रूप, होय. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या ग्रंथात एक बासरी आणि तीन मुले यांचा दृष्टान्त दिला आहे : एकीला ती वाजवता येते, दुसऱ्याजवळ खेळायला दुसरे काहीच नाही, आणि तिसरीने ती स्वतः श्रमाने घडवली आहे. तिघांचेही दावे खरे आहेत आणि कोणत्याही एका मापाने ते निकाली काढता येत नाहीत, हे सेन यांचे म्हणणे. समितीपुढे नेमके हेच तीन जण उभे असतात : जिच्या हाती तलवार सर्वाधिक हानी करील ती कुशल खेळाडू, ज्याच्या अंगावर अजून जुनाच साज आहे तो नवखा, आणि जो प्रत्येक पराभवाच्या रात्री न चुकता आला तो जुना सोबती. साधन यांपैकी फक्त पहिलीचा दावा मोजू शकते, कारण उरलेल्या दोघांचे दावे हानीच्या मापात उतरत नाहीत.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाचे जे खंडन केले आहे, त्याचा रोख हाच आहे. कर्माची योग्यता केवळ त्याच्या बाह्य परिणामाच्या बेरजेवरून ठरवू गेल्यास कर्त्याची बुद्धी हिशेबातून गळून पडते, आणि नीतीचा निर्णय करायचा तर बुद्धीच आधी पाहावी लागते. महाभारताच्या अश्वमेधपर्वातील अर्ध्या सोनेरी अंगाचा मुंगूस युधिष्ठिराच्या भव्य यज्ञाला एका उपाशी ब्राह्मणाच्या मूठभर सातूहून हलका ठरवतो तो याच कारणाने. पराभवाच्या रात्री हजर राहणाऱ्याचे देणे हे त्या सातूच्या जातीचे आहे. ते कमी म्हणून मोजले जात नाही असे नव्हे, तर ते ज्या तराजूत पडते तो तराजू यंत्राजवळ नाही.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा, म्हणजे कर्मात सहभागी होण्याची पात्रता कोणाला, याचा. ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ हा विस्तार नोव्हेंबर २००८ मध्ये आला आणि त्याच्या काळात ‘गिअरस्कोर’ नावाचे एक पूरक सर्वत्र पसरले. ते वस्तूंची पातळी पाहून पात्राला एक आकडा देई. त्या वस्तू त्या पात्राला साजेशा आहेत की नाहीत हे ते पाहत नसे, खेळाडूला लढता येते की नाही हे तर पाहणे शक्यच नव्हते. तरीही अनोळखी लोकांचे तात्पुरते संघ जमवणारे पुढारी आकडा विचारून प्रवेश देऊ लागले, आणि परिणामी ज्याच्याजवळ गिअर नाही त्याला ते जिथे मिळते तिथे जाताच येईना. पुढे लढायांमधील कामगिरीवर आधारलेले गुणांकन आले, आणि २०२१ मध्ये खेळाच्या कर्त्यांनी स्वतःचे तसे गुणांकन खेळातच समाविष्ट केले. कामगिरी हे सामग्रीपेक्षा प्रामाणिक माप आहे यात शंका नाही, पण दारावर आकडा विचारण्याची रीत तीच राहिली.

जैमिनीच्या सहाव्या अध्यायातच हा प्रश्न आला आहे : यज्ञाला द्रव्य लागते, मग ज्याच्याजवळ द्रव्य नाही त्याला यज्ञाचा अधिकार आहे काय? पूर्वपक्ष म्हणतो, नाही. सिद्धान्त म्हणतो, आहे. कारण निर्धनता ही कायमची अवस्था नव्हे, द्रव्य मिळवता येते, आणि आज ते नाही एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. याच अध्यायात शूद्राला जन्मावरून अधिकार नाकारलेला आहे आणि त्या निर्णयाचे समर्थन आज कोणत्याही विचारी माणसाला करता येणार नाही. पण त्यामुळे निर्धनाविषयीच्या निर्णयाचे सत्य कमी होत नाही, उलट ज्या तर्काने निर्धनाला आत घेतले तोच तर्क जन्माचे दारही उघडायला पुरेसा होता, हे त्यावरून दिसते. जगात पहिले येण्याच्या शर्यतीत उतरलेल्या संघाने सर्वांगपूर्ण साज मागणे योग्य आहे, कारण त्याचे कर्म काम्य आहे आणि त्यात उतरणाऱ्याने ती अट जाणूनच पत्करलेली असते. परंतु जो संघ आठवड्याच्या संध्याकाळी एकत्र येण्यासाठी खेळतो, त्याने एखाद्याला केवळ आकडा कमी आहे म्हणून बाहेर ठेवणे हा अन्याय आहे, आणि त्याची जबाबदारी यंत्राची नसून आकडा विचारणाऱ्याची आहे.